औषधाची ओळख आणि तिचे कागद : संथ सीमाशुल्काच्या देशात निर्यात करताना

प्रास्ताविक

उल्हास नदीच्या खोऱ्यातील आपल्या या पट्ट्याला परदेशी व्यापार नवा नाही. उल्हासनगर वसले ते कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर, आणि कल्याण हे प्राचीन काळी पश्चिम समुद्रावरील नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. परंतु तो सुबत्तेपेक्षा अडवणुकीचाच अधिक आहे. पूर्वी येथे रीतसर बाजारपेठ होती, पुढे सत्तांतर झाल्यावर बंदरावर निर्बंध आले आणि येथे येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हा नाविक सांगतो. माल उत्तम असूनही तो उतरवता येत नाही, ही व्यापाऱ्याची व्यथा म्हणजे दोन हजार वर्षांची जुनी आहे.

आज उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील लहान औषधशाळांचे चालक आणि आपल्या नावाने कल्प बनवून घेणारे वैद्य यांच्याकडे परदेशातून विचारणा येते. एखादी औषधशाळा थेट निर्यात करते, एखादी मुंबईच्या निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत. माल न्हावाशेवा बंदरातून सुटतो येथवर फारशी अडचण येत नाही. खरी कसोटी समोरच्या बंदरात लागते. काही देशांचे सीमाशुल्क खाते कागदांवर अतिशय काटेकोर असते. तेथे एका अक्षराच्या फरकानेही माल आठवडेच्या आठवडे गोदामात पडून राहतो. अशा देशांचे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही रशियाची निवड केली आहे. भारतीय वनौषधी उत्पादने तेथे अनेक वर्षे विकली जात आहेत, आणि तेथील नियम रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया व किर्गिझस्तान या पाच देशांच्या युरेशियन आर्थिक संघाला सामाईक असल्याने एकदा केलेला अभ्यास पाच ठिकाणी उपयोगी पडतो.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. या संघाची सीमाशुल्क संहिता १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. त्या संहितेनुसार आयातपत्र दाखल झाल्यावर सर्वसाधारणपणे चार तासांत माल मोकळा करावयाचा असतो. शंका असल्यास ही मुदत दहा कामकाजी दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि नमुने तपासणीस गेले तर त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे विलंब कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो शंकेतून निर्माण होतो आणि शंका कागदांच्या परस्परविसंगतीतून. तात्पर्य, 'तेथे उशीर होतोच' असे म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. उशिराचे निदान बहुतांशी आपल्याच औषधशाळेत करता येते, आणि चिकित्साही तेथेच.

१. प्रथम प्रश्न : हे द्रव्य आहे तरी काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यता, अनेकविध कल्पना आणि संपत्. वैद्याच्या दृष्टीने द्रव्याची ओळख यांत पूर्ण होते. सीमाशुल्क अधिकाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो. त्याला हे औषध आहे, खाद्य आहे, सौंदर्यप्रसाधन आहे की कच्ची वनस्पती, एवढेच ठरवावयाचे असते. कारण कर, परवाना आणि तपासणी या तिन्ही गोष्टी त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

जगातील बहुतेक देश मालाचे वर्गीकरण एका सामाईक संकेतप्रणालीने करतात. तिचे पहिले सहा अंक सर्वत्र समान असतात; पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात आठ अंक वापरले जातात, रशियात दहा. आपल्या उपयोगाची शीर्षके पुढीलप्रमाणे :

१२११ – औषधी वनस्पती, मुळे, साली, पाने, बिया
१३०२ – वनस्पतींचे रस व अर्क
२१०६ – इतरत्र न मोडणारे खाद्यकल्प, यांत बहुतेक आहारपूरके
३००३ – किरकोळ विक्रीसाठी न बांधलेली मिश्र औषधे
३००४ – ठरावीक मात्रेत वा किरकोळ विक्रीसाठी बांधलेली औषधे
३३०४, ३३०५, ३३०६ – अनुक्रमे त्वचेची, केसांची व दातांची प्रसाधने

आयुर्वेदीय औषधांसाठी भारतीय यादीत ३००३ ९० ११ आणि ३००४ ९० ११ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. ही आपली सोय आहे. परंतु ती आपल्या देशापुरती. पहिल्या सहा अंकांनंतरचा 'आयुर्वेदीय' हा भेद समोरच्या देशाला बांधील नाही.

वर्गीकरणाचा प्रश्न किती खोल जातो हे आपल्या शेजारीच दिसून आले आहे. डोंबिवलीत ज्यांचा कारखाना आहे त्या विको लॅबोरेटरीजची दंतमंजने व हळदीचे क्रीम ही औषधे की प्रसाधने, हा अबकारी खात्याशी वाद वर्षानुवर्षे चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला. उलट, वैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत त्याच न्यायालयाने १९९५ साली आणि पुन्हा २००९ साली ते औषध नव्हे असा निर्णय दिला. दोन्ही उत्पादने आयुर्वेदीय, दोन्ही दातांना लावावयाची, आणि तरीही निष्पत्ती भिन्न. आयुर्वेदाच्या जन्मभूमीत, आपलीच भाषा बोलणाऱ्या खात्यापुढे जर ही स्थिती, तर परक्या देशातील अधिकारी आपल्या कल्पाला पाहताक्षणी औषध म्हणून ओळखील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

२. परदेशातील ओळख आणि आपला निर्णय

रशियात आपला कल्प औषध म्हणून नोंदवावयाचा झाल्यास तेथील आधुनिक औषधांचीच कसोटी लागते. त्याचा खर्च व काळ लहान औषधशाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून बहुतेक भारतीय उत्पादने तेथे 'जैविकदृष्ट्या सक्रिय आहारपूरक' या वर्गात जातात. या वर्गासाठी शासकीय नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. रशियात ते ग्राहकसंरक्षण व जनआरोग्य पाहणारे रोसपोत्रेबनाद्झोर हे खाते देते आणि ते संघातील पाचही देशांत चालते. तेल, उटणे, केशतेल यांसाठी प्रसाधनांचे स्वतंत्र तांत्रिक नियमन आहे.

आहारपूरक या वर्गात जाण्याची किंमत आपण उघड्या डोळ्यांनी मोजली पाहिजे. वेष्टणावर 'हे औषध नाही' असे रशियन भाषेत छापावे लागते. व्याधीचे नाव, गुणकर्माचा दावा, 'मधुमेहावर', 'संधिवातावर' असे शब्द चालत नाहीत. अनेक वैद्यांना हे अपमानास्पद वाटते आणि ती भावना आम्ही समजू शकतो. परंतु यावर काही निर्यातदार जो उपाय करतात तो घातक आहे. खोक्यावर आहारपूरक, आतील माहितीपत्रकावर रोगांची यादी आणि इन्व्हॉइसवर 'आयुर्वेदिक मेडिसिन्स', अशी तीन रूपे धारण केलेला माल अडला तर दोष अधिकाऱ्याचा नाही. ज्या कल्पाचे सामर्थ्य व्याधिनाशक म्हणूनच सांगावयाचे आहे तो कल्प त्या देशात पाठवू नये. जो बल्य, रसायन किंवा आहारोपयोगी म्हणून प्रामाणिकपणे देता येतो तोच निवडावा. त्रिफळा, आवळा, शतावरी, आले यांचे कल्प या दृष्टीने सोयीचे.

पुढील कल्पांबाबत विशेष सावधगिरी हवी :

(अ) आसव-अरिष्टे. यांतील स्वयंजनित मद्यांश हा आपल्या दृष्टीने कल्पनेचा भाग आहे. रशियन कायद्यात अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यांशाचा खाद्यपदार्थ मद्यजन्य मालात गणला जातो. आखाती देशांतही मद्यांशाची अडचण सर्वांना ठाऊक आहे.

(आ) रसौषधी. पारद, नाग, वंग यांचे कल्प आहारपूरक म्हणून पाठविण्याचा विचारही करू नये.

(इ) विषद्रव्ये. वत्सनाभ, धत्तूर, कुपीलु यांसारखी द्रव्ये शोधनानंतरही नावानेच अडतात. संघाच्या अन्नसुरक्षा नियमनाला आहारपूरकांत निषिद्ध वनस्पतींची यादी जोडलेली आहे. कल्पातील प्रत्येक घटक तिच्याशी ताडून पाहावा. एका निषिद्ध घटकामुळे संपूर्ण कल्प नाकारला जातो.

(ई) मध व तूप असलेले अवलेह. पशुजन्य घटकांसाठी स्वतंत्र आरोग्य प्रमाणपत्र लागेल काय, हे आयातदाराकडून आधी लेखी घ्यावे.

(उ) संरक्षित वनस्पती. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात कुष्ठ आहे; जटामांसी, सर्पगंधा व कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आहेत. या तिन्हींच्या बाबतीत किरकोळ विक्रीसाठी बांधलेला तयार माल कराराच्या टीपेनुसार वगळलेला आहे, परंतु सुटे चूर्ण वा अर्क वगळलेले नाहीत. कुष्ठाला अशी सवलत नाही. आपल्या देशाचे निर्यात धोरण याखेरीज वेगळे पाहावे लागते.

आता एक कठीण प्रश्न उरतो. आपल्याकडे औषध परवान्याखाली बनलेला माल शिपिंग बिलावर ३००४ या शीर्षकाखाली जातो आणि तोच तेथे २१०६ खाली उतरतो. रशियन अधिकारी पुष्कळदा निर्यात करणाऱ्या देशाचे शिपिंग बिल मागवितात, आणि हा भेद त्यांच्या लगेच डोळ्यांत भरतो. कागद जुळावेत म्हणून येथील संकेतांक खोटा लिहिणे हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. सरळ मार्ग दोन आहेत. पहिला, आयातदाराने तेथील सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाचा पूर्वनिर्णय घ्यावा आणि त्याची प्रत मालासोबत ठेवावी. दुसरा, जे कल्प मुळातच आहारोपयोगी आहेत ते येथेही खाद्य परवान्याखाली बनवावेत. यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे 'आयुर्वेद आहार' विनियम २०२२ सालापासून उपलब्ध आहेत. असे केल्यास मालाची ओळख दोन्ही किनाऱ्यांवर एकच राहते.

३. जड धातू : एक प्रमाणपत्र, दोन मोजमापे

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्याचा धक्का सर्व निर्यातदारांना बसला. केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी आणि वेष्टणावर तसा उल्लेख बंधनकारक केला. भारतीय मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत.

येथे अनेकांची फसगत होते. युरेशियन संघाच्या नियमनात वनस्पतिजन्य आहारपूरकांसाठी मर्यादा शिसे ६, आर्सेनिक ०.५, पारा ०.१ आणि कॅडमियम १ अशा आहेत. म्हणजे कॅडमियममध्ये आपली मर्यादा अधिक कडक, आणि उरलेल्या तिघांत त्यांची. ज्या बॅचमध्ये आर्सेनिक १.२ आले ती येथे उत्तीर्ण होते आणि तेथे अनुत्तीर्ण. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात 'मर्यादेत आहे' एवढाच शेरा न घेता प्रत्यक्ष आकडा घ्यावा, आणि तो दोन्ही कोष्टकांशी ताडावा. कच्चा माल घेतानाच ही तपासणी केल्यास तयार माल फुकट जात नाही. आपला औद्योगिक पट्टा रासायनिक कारखान्यांच्या शेजारचा आहे. वाळवण, साठवण व पाणी यांबाबत दक्षता घेण्यास हे आणखी एक कारण होय.

४. नावे, पत्ते आणि लिप्या

कागदपत्रांतील विसंगतींचा सर्वांत सामान्य प्रकार अगदी क्षुल्लक दिसतो. अंबरनाथ हे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. 'ब'नंतर कोणी 'ई' लिहितो, कोणी 'ए'. बदलापूरच्या नगरपरिषदेचे नाव कुळगाव-बदलापूर आहे, पण पत्त्यात काही जण केवळ बदलापूर लिहितात. उल्हासनगरात कॅम्पचा क्रमांक कधी असतो, कधी नसतो. औद्योगिक वसाहतीचा पत्ता भूखंड क्रमांकाने लिहावा की जवळच्या गावाच्या नावाने, यातही एकवाक्यता नाही. आपल्या टपालवाल्याला याचे काही वाटत नाही. परंतु हेच पत्ते रशियन लिपीत उतरले की एका औषधशाळेच्या तीन औषधशाळा होतात, आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादक व वेष्टणावरील उत्पादक एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

यावर उपाय सोपा आहे. अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या परवान्यावर जे नाव व जो पत्ता आहे तोच, विरामचिन्हांसकट, सर्व कागदांवर वापरावा. परवान्यावरच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. लोन लायसन्सवर माल बनत असेल तर प्रत्यक्ष उत्पादक, परवानाधारक आणि निर्यातदार अशी तीन नावे येतात. त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट करणारे एक पत्र पहिल्यापासूनच संचात ठेवावे.

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचेही तसेच. आवळ्याला जुन्या पुस्तकांत 'एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस' म्हणतात, नव्या नामकरणात 'फायलँथस एम्ब्लिका'. गुग्गुळाला कोठे 'कॉमिफोरा मुकुल', कोठे 'कॉमिफोरा वायटी'. वैद्याला दोन्ही एकच आहेत हे ठाऊक असते. परंतु नोंदणीत एक नाव आणि विश्लेषण प्रमाणपत्रात दुसरे आले की अनुवादक व अधिकारी यांच्या लेखी त्या दोन वनस्पती ठरतात. औषधशाळेने आपल्या प्रत्येक घटकाची संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, वापरलेले अंग आणि रशियन नाव अशी चार रकान्यांची नामावली एकदाच निश्चित करावी आणि पुढे तीच सर्वत्र वापरावी.

५. कागदांचा संच व त्यांचा क्रम

रशियाला जाणाऱ्या मालासाठी सर्वसाधारणपणे लागणारे कागद खाली दिले आहेत. कोणता कागद कोण करतो, हे ध्यानात घेऊनच वेळापत्रक आखावे.

औषधशाळेकडे आधीपासून असावयाचे : आयात-निर्यात संकेतांक, उत्पादन परवाना, 'शेड्यूल टी'नुसार उत्तम निर्मितीचे प्रमाणपत्र, वस्तू व सेवा कराखालील हमीपत्र, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते, आणि बँकेच्या संकेतांकाची बंदरावर नोंद.

नोंदणीसाठी लागणारे : फ्री सेल सर्टिफिकेट, घटकांचे प्रमाण, निर्मितीपद्धती, स्थैर्याचा अहवाल, वेष्टणाचा नमुना. यांतील शासकीय कागदांना अपोस्टिल लागते. भारत २००५ साली अपोस्टिल करारात सहभागी झाला आणि रशिया त्यापूर्वीच सदस्य होता, त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्याची गरज राहिली नाही; परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो. अपोस्टिल सही-शिक्क्याची सत्यता सांगते, मजकुराची नव्हे. म्हणून मजकुरातील चूक तिच्यामुळे झाकली जात नाही. त्यानंतर तेथे प्रमाणित रशियन अनुवाद होतो.

प्रत्येक पाठवणीसोबत लागणारे : करार व त्याची पुरवणी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, प्रत्येक बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र, उत्पत्तीचे प्रमाणपत्र, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग आणि विमापत्र. पॅकिंग लिस्टमध्ये खोकेनिहाय निव्वळ व एकूण वजन द्यावे. 'अंदाजे' हा शब्द कोठेही येऊ देऊ नये.

नोंदणी कोणाच्या नावे करावयाची, याचा विचार आधी करावा. अर्ज बहुधा तेथील आयातदार करतो. प्रमाणपत्रावर अर्जदार म्हणून केवळ त्याचे नाव असेल तर उद्या संबंध बिघडल्यास आपल्याच कल्पाची वाट आपल्याला बंद होते. करारात याविषयी स्पष्ट कलम असावे.

वेष्टणाबाबत आणखी एक बाब आहे. रशियात १ ऑक्टोबर २०२३ पासून आहारपूरकांच्या प्रत्येक नगावर शासकीय चौकोनी सांकेतिक चिन्ह लावण्याची सक्ती सुरू झाली. ही चिन्हे आयातदार मागवितो. परंतु ती येथे लावावयाची की तेथील सीमाशुल्क गोदामात, हे आधी ठरले नाही तर माल उतरल्यावर डबा न् डबा उघडावा लागतो.

६. किमतीविषयीची शंका

कागद जुळले तरी आणखी एका कारणाने माल अडतो. आपण जाहीर केलेली किंमत त्यांना कमी वाटते. त्यांच्या नोंदींत तत्सम मालाची जी किंमत असते तिच्याशी तुलना होते आणि फरक दिसल्यास पुरावे मागितले जातात : छापील दरपत्रक, पूर्वीची इन्व्हॉइसे, पैसे मिळाल्याचा बँकेचा दाखला, भारतीय शिपिंग बिल. आपले दर खरोखरच कमी असतात, कारण आवळा-हिरडा येथे स्वस्त आहे. परंतु ते सांगण्यास कागद हवा. म्हणून वर्षाच्या आरंभी सहीशिक्क्याचे निर्यात दरपत्रक काढावे. आयातदार कर वाचविण्यासाठी इन्व्हॉइसची रक्कम कमी दाखवा असे सुचवितो, तेव्हा निःशंकपणे नकार द्यावा. पकडले गेल्यास त्याचा माल जातो आणि आपले नाव.

पैशाच्या वाटेचा विचार मालाच्या वाटेआधी करावा. २०२२ साली अनेक रशियन बँका आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून वगळल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने विशेष रुपया खात्यांतून परदेशी व्यापाराचे व्यवहार करण्यास मुभा दिली. आपली बँक कोणत्या मार्गाने पैसे स्वीकारील, हे तिच्याकडून लेखी घेतल्याखेरीज खोकी बांधू नयेत. १९५७ पासून कार्यरत असलेल्या निर्यात पतहमी महामंडळाचा विमा त्या देशासाठी व त्या ग्राहकासाठी मिळतो काय, हेही विचारावे.

७. काळाचा हिशेब

माल अडला की जे नुकसान होते ते गोदामभाड्यापुरते मर्यादित नसते. औषधाचे आयुष्य सरत असते. पुढील काल्पनिक उदाहरण पाहावे.

समजा, अंबरनाथच्या एका औषधशाळेने २४ महिने वापरमुदतीच्या त्रिफळा गोळ्या बनविल्या. तपासणी, वेष्टण व बांधणी यांत दीड महिना गेला, वाहतुकीत दीड महिना आणि सीमाशुल्कात दोन महिने. एकूण पाच महिने. उरलेली मुदत १९ महिने. आयातदाराची अट किमान दोन-तृतीयांश, म्हणजे १६ महिने शिल्लक असावेत अशी आहे. माल स्वीकारला जातो.

आता तीच औषधशाळा माल बनवून ठेवते आणि मग कागदांना लागते. प्रमाणपत्रे, अपोस्टिल व अनुवाद यांत चार महिने जातात. उरलेली मुदत १५ महिने. माल तोच, गुणही तोच. परंतु तो नाकारला जातो. परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक, म्हणून बहुधा तो तेथेच नष्ट करावा लागतो. लहान औषधशाळेच्या दृष्टीने ही एका वर्षाच्या भांडवलाची राख होय. यातून नियम निघतो तो असा : नोंदणीचे व प्रमाणपत्रांचे कागद हाती आल्यावरच बॅच घ्यावी.

ऋतूचाही विचार हवा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवेतील ओलावा चूर्ण व गोळ्या यांना बाधतो, आणि रस्ते-रेल्वे केव्हा बंद पडतील याचा नेम नसतो. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली हेही सर्वांच्या स्मरणात आहे. कच्च्या मालाची तपासणी व कागद पावसाळ्यात, निर्मिती आश्विनात आणि रवानगी कार्तिकापासून पुढे, असा क्रम आपल्या परिसराला मानवतो.

लहान पाठवणी इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जाते, तेव्हा शेजाऱ्याच्या चुकीनेही आपला माल अडतो. एजंटाला सोबतच्या मालाचा प्रकार विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

८. वैद्यांनी रुग्णांस पाठवावयाचे पार्सल

परदेशस्थ रुग्णांस औषध पाठविण्याची विनंती चिकित्सकांना वरचेवर होते. कागदी पुड्या वा नावाविना डब्या पाठवू नयेत. अशा पार्सलांची रवानगी थेट तपासणीकडे होते. मूळ वेष्टणातील, परवाना क्रमांक असलेले औषध, एका रुग्णास पुरेल इतकेच, आपल्या लेटरहेडवरील इंग्रजी व्यवस्थापत्रासह पाठवावे. रसौषधी, आसवे व विषद्रव्ययुक्त कल्प पाठवू नयेत. 'भेटवस्तू' असे खोटे लिहिण्याने रुग्ण अडचणीत येतो, हे विसरू नये.

समारोप

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ एकच आहे. संथ सीमाशुल्काच्या देशात मालाची ओळख त्याचे कागद सांगतात, आणि ती ओळख परवान्यापासून वेष्टणापर्यंत एकच असावी लागते. ही शिस्त एकट्यादुकट्या औषधशाळेला महाग पडते. परंतु पाच-सहा औषधशाळांनी मिळून नामावली, अनुवादक, प्रयोगशाळा व दरपत्रकाचा नमुना सामाईक केल्यास तिचा भार सहज पेलतो. आयुष निर्यातीसाठी 'आयुषएक्सिल' ही स्वतंत्र परिषद २०२२ साली स्थापन झाली आहे. तिच्याकडे एकत्रित मागणी गेल्यास ती अधिक गांभीर्याने ऐकली जाईल.

स्वाध्याय म्हणून वाचकांनी आपला कोणताही एक कल्प घ्यावा व पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लेखी काढावीत.

१. परवाना, वेष्टण, इन्व्हॉइस व विश्लेषण प्रमाणपत्र यांवर उत्पादकाचे नाव व पत्ता अक्षरशः सारखा आहे काय?
२. प्रत्येक घटकाचे शास्त्रीय नाव सर्वत्र एकच आहे काय?
३. शेवटच्या तीन बॅचमधील शिसे, आर्सेनिक, पारा व कॅडमियम यांचे प्रत्यक्ष आकडे किती?
४. हा कल्प व्याधीचे नाव न घेता प्रामाणिकपणे विकता येईल काय?
५. आज बॅच घेतली तर ग्राहकाच्या हाती पडताना किती महिने शिल्लक राहतील?

ज्यांची पाचही उत्तरे समाधानकारक आहेत त्यांनी निर्यातीचा विचार अवश्य करावा. ज्यांची नाहीत त्यांनी आधी ती तशी करावीत. त्याचा लाभ निर्यात न झाली तरी येथील रुग्णांना होणारच आहे.